बिनहवेचे चाक आणि निगेचा प्रश्न

मोटारीच्या चाकातून हवा कायमची काढून टाकावी आणि तिच्या जागी लवचीक आऱ्यांची अशी रचना बसवावी की खिळा घुसो, काच लागो वा खड्ड्याची धार आदळो, चाक बसणार नाही, ही कल्पना आता केवळ प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने २००५ साली ‘ट्वील’ या नावाने असे चाक जगापुढे मांडले. जून २०१९ मध्ये त्याच कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने ‘अप्टिस’ हे प्रवासी मोटारीसाठीचे चाक माँट्रियाल येथे जाहीर केले आणि २०२४ पर्यंत ते मोटारींवर आणण्याचा मनोदय प्रकट केला. ती मुदत उलटून गेली, आणि सामान्य गिऱ्हाइकाला ते चाक आजही दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. एवढ्यावरून ही कल्पना फोल ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मोटारीचा भार वाहणाऱ्या हवेची जागा घेऊ पाहणारी वस्तू इतकी अडखळते का, तिच्यातील लाभ कोणता, आणि त्या लाभाची किंमत कोणाच्या नावे मांडली जाणार, याची तपासणी झाली पाहिजे. माझे मत आरंभीच सांगतो. बिनहवेचे चाक ही मोठ्या बुद्धिमत्तेची निर्मिती आहे, आणि चाकाची निगा राखायला जिथे माणूसच नाही तिथे तिचे स्थान निर्विवाद आहे. पण जिथे माणूस आहे तिथे त्याच्या निष्काळजीपणावरचा उतारा म्हणून ती आणणे म्हणजे लहान, दिसणारा आणि दुरुस्त होणारा दोष देऊन मोठा, न दिसणारा आणि दुरुस्त न होणारा दोष पदरात घेणे होय.

हवा चाकात आली ती प्रथम सुखासाठी आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, रबरी नळीवर चामड्याचे आवरण चढवून ती घोडागाडीच्या चाकांना बसवली, आणि अशी गाडी ओढायला किती कमी जोर लागतो व ती किती निःशब्द धावते हे लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लोकांना दाखवलेही. परंतु सायकलीचे युग अजून उजाडायचे होते, मोटारीचा जन्म चाळीस वर्षे दूर होता, आणि गरजेचा आधार नसलेली युक्ती कितीही निर्दोष असली तरी दप्तरात पडून राहते, या न्यायाने थॉमसनची युक्ती विस्मृतीत गेली. १८८७ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि पुढल्या वर्षी तिचे पेटंट मिळवले. थॉमसनच्या जुन्या दस्तऐवजामुळे ते पुढे रद्द झाले. पण तोवर युरोपभर सायकलीची लाट उसळली होती, त्यामुळे पेटंट गेले तरी टायर राहिला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत आंद्रे व एदुआर मिशेलिन या बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवली, तेव्हा वाटेत पंक्चरांनी त्यांना हैराण केले. तरीही मोटारीचे भवितव्य हवेवरच आहे हे त्यानंतर थोड्याच वर्षांत सर्वांनी मान्य केले. पंक्चर हा हवेच्या टायराचा दोष, तात्पर्य, पहिल्या दिवसापासून जगजाहीर होता. तो ठाऊक असूनही ज्या अर्थी जगाने भरीव रबराचे चाक टाकून हवेचे चाक पत्करले, त्या अर्थी हवेने दिलेला लाभ त्या दोषाहून कितीतरी मोठा असला पाहिजे.

तो लाभ महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी ओल्या काळ्या रानात शिरली की धाव जमीन चिरीत खाली जाते, आणि बैलांच्या ओढीचा मोठा हिस्सा गाडी पुढे नेण्याऐवजी चाक चिखलातून उपसण्यातच खर्ची पडतो. साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या टायरगाड्या आल्या, तेव्हा जमिनीवर पसरणाऱ्या त्या मऊ चाकांमुळे तीच बैलजोडी पूर्वीपेक्षा बरेच अधिक ओझे ओढू लागली. यंत्राने दिलेली सवलत बैलाच्या वाट्याला आली नाही, ती वाढीव उसाच्या मोळ्यांनी खाऊन टाकली, हेही इथे नमूद केले पाहिजे. कारण सोय कोणाच्या नावाने येते आणि कोणाच्या पदरात पडते हा प्रश्न प्रत्येक नव्या चाकाला विचारावाच लागतो.

हवा हे काम कसे करते हे थोडे जवळून पाहू, कारण बिनहवेच्या चाकाची सारी अडचण तिथेच आहे. चार माणसे बसलेल्या लहान मोटारीचे वजन १२०० किलो धरले, तर एका चाकावर ३०० किलोंचा भार येतो. टायरात पेट्रोलपंपावरच्या भाषेत तेहेतीसची हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोंचा दाब असेल, तर त्याची रस्त्याला टेकलेली जागा सुमारे १३० चौरस सेंटिमीटर भरते, आणि माणसाच्या पंज्याएवढ्या त्या जागेवर ब्रेक, वळण आणि पावसाळी रस्त्यावरची पकड या साऱ्यांची भिस्त असते. एवढा भार तोलून धरणारी आतली हवा वजनाने किती, तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. ती थकत नाही, तिला तडा जात नाही, कोट्यवधी वेळा दाबली तरी तिचा गुण पालटत नाही, आणि दाबताना घेतलेली शक्ती ती जवळजवळ संपूर्ण परत करते. टायर फिरताना जी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते ती रबरात आणि त्यातील दोऱ्यांच्या थरांत जाते. शिवाय तिचा ताठपणा एका आकड्याने ठरतो आणि तो आकडा बदलण्याचा अधिकार चालकाकडे राहतो. गाडी सामानाने भरली तर हवा वाढवावी, वाळूतून जायचे तर उतरवावी. फुकट मिळणारी, वजनाने नगण्य आणि आज्ञाधारक अशी दुसरी स्प्रिंग अद्याप कोणत्याही पदार्थाची बनलेली नाही.

आता तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळू. बिनहवेच्या चाकात बाहेरून खाचांचा रबरी पट्टा असतो, त्याच्या आत सहजी न ताणले जाणारे पण वाकणारे बळकट कडे असते, मध्यभागी धातूचा तुंबा असतो, आणि कडे व तुंबा यांना पातळ आरे जोडतात. ट्वीलमध्ये हे आरे पॉलियुरेथेनचे आहेत, अप्टिसमध्ये काचतंतू राळेत बसवून बनवलेले आहेत. बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा असतो. इथे तो वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो. जमिनीजवळ आलेला आरा अंग मोडून दुमडतो आणि जवळजवळ भारमुक्त होतो, तर वरचे आरे ताणले जाऊन गाडी उचलून धरतात. दुमडलेला आरा जमीन सोडून वर जाऊ लागला की पुन्हा सरळ होतो. ही रचना खरोखर सुंदर आहे. पण ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरात सुमारे ५३० फेरे घेते, म्हणजे चाळीस हजार किलोमीटरांच्या आयुष्यात प्रत्येक आऱ्याला दोन कोटींहून अधिक वेळा दुमडून सरळ व्हावे लागते, आणि तेही मेच्या उन्हात तापलेल्या डांबरावर, जुलैच्या पाण्यात आणि प्रत्येक खड्ड्याच्या आघातासह. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तेच चाक सेकंदाला सुमारे पंधरा फेरे घेते. आरे साठ असतील तर सेकंदाला नऊशेच्या आसपास ठोके बसतात, आणि नऊशे ठोक्यांचा ध्वनी मनुष्याच्या कानाला चांगलाच ऐकू येतो. ट्वीलचे पहिले नमुने ताशी ८० किलोमीटरच्या पुढे कंप आणि आवाज करू लागत, त्याचे मूळ या रचनेतच होते. पुढच्या पिढ्यांनी तो दोष पुष्कळ सौम्य केला असला, तरी जे काम हवा निसर्गधर्माने करते ते इथे प्रत्येक आऱ्याकडून हिशेबाने करवून घ्यावे लागते.

या चाकाच्या बाजूने जे सांगितले जाते ते मात्र कमी लेखू नये. मिशेलिनच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे २० टक्के टायर पंक्चर, फुटणे किंवा चुकीच्या हवेमुळे होणारी विषम झीज यांपायी आयुष्य संपण्याआधीच मोडीत निघतात. अंदाज विक्रेत्याचा आहे हे ध्यानात ठेवूनही, त्याचा निम्मा भाग खरा धरला तरी वाया जाणारे रबर, पोलाद आणि तेल यांची रास प्रचंड ठरते. रात्रीच्या वेळी घाटात एकट्याने गाडी चालवणाऱ्या स्त्रीला किंवा जॅक फिरवण्याची ताकद न उरलेल्या वृद्धाला पंक्चर ही किरकोळ गैरसोय वाटत नाही. वाहतुकीच्या कडेला वाकून चाक बदलणारा माणूस जिवावर उदार होऊनच ते काम करीत असतो. रचनाकाराच्या दृष्टीनेही एक मोठी सोय आहे: हवेच्या टायरात उभा मऊपणा आणि आडवा ताठपणा एकमेकांशी बांधलेले असतात, तर आऱ्यांच्या चाकात ते बरेचसे वेगवेगळे साधता येतात, म्हणजे गाडी खड्ड्यावर मऊ आणि वळणावर घट्ट ठेवणे तत्त्वतः शक्य होते. आणि स्टेपनीचे ओझे वाचते, हा लाभ तर उघडच आहे. तथापि केंद्र सरकारने २०२० सालच्या नियमदुरुस्तीने ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असलेल्या लहान वाहनांना स्टेपनी न बाळगण्याची मुभा देऊन तो लाभ हवा न काढताच मिळवून दिला आहे.

सर्वांत प्रभावी युक्तिवाद टायर फुटण्याचा आहे. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि सरळ काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या गाड्यांचे टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा परिवहन खात्याला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवण्याची तजवीज करावी लागली. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा जास्त झाल्याने, असा आपल्याकडे दृढ समज आहे, आणि त्या समजापोटी उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवणारे चालक पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. हवा कमी असली की टायराची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने तापते, तापल्याने रबर आणि आतले दोरे यांची पकड सुटत जाते, आणि अखेर जे फुटते ते आतून केव्हाच सैल झालेले असते. त्यावर वाढीव ओझे आणि गुळगुळीत खाचा यांची भर पडली की उरलेसुरले काम वेग पुरे करतो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ खाजगी बस पेटून पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हाही प्रारंभी टायर फुटल्याचेच सांगण्यात आले. परिवहन कार्यालयाच्या तपासणीला मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. टायराला दोष देणे सोपे असते, कारण टायर प्रतिवाद करीत नाही. ज्या रस्त्यावर अपघाताचे मूळ वेगात, झोपेत, ओझ्यात आणि न केलेल्या तपासणीत आहे, तिथे चाकातील हवा काढून टाकल्याने त्या चारांपैकी एकही कारण हटत नाही.

आणि वाढीव ओझे, वेग व उष्णता यांचा मार आऱ्यांनाही चुकत नाही. फरक एवढाच की हवेच्या टायराची प्रकृती दोन मिनिटांत मोजता येते, तर राळेत पडलेला केसासारखा बारीक तडा कोणत्या गेजने मोजावा हे सामान्य चालकाला कोणीही सांगू शकत नाही. उघड्या आऱ्यांच्या मोकळ्या जागांत खडी अडकते, विदर्भ-मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवरचा काळा चिखल भरतो आणि वाळून घट्ट बसतो; तसे झाले की चाकाचा तोल जातो आणि आऱ्यांना दुमडायला जागाच उरत नाही. बाजू झाकून हा उपद्रव टाळता येईल, पण मग उष्णता बाहेर जाण्याची वाट अरुंद होते. शिवाय ताठपणा कारखान्यातच कायमचा ठरून गेलेला असतो: एकटा चालक बसला तरी तेच चाक, आणि पाच माणसे व लग्नाचे सामान भरले तरी तेच. जो आकडा आज आपल्या हाती आहे, तो त्या दिवसापासून कारखानदाराच्या दप्तरात जमा होईल.

इथे मूळ मुद्द्याला हात घातला पाहिजे, आणि तो मालकीचा आहे. हमरस्त्याच्या कडेला कोणत्याही पंक्चरवाल्याकडे पाहा. ट्यूब असेल तर तो तिच्यात हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवतो, बुडबुडे जिथून उठतात तिथे खूण करतो, जागा कानशीने घासून सोल्यूशन लावतो, ते वाळू देतो, ठिगळ दाबतो आणि पुन्हा पाण्यात बुडवून खातरजमा करून घेतो. ट्यूबलेस असेल तर खिळा पकडीने उपसून छिद्रातून कानस फिरवतो, सुईने चिकट दोरी ओवतो आणि बाहेर राहिलेले टोक कापून टाकतो. थोड्या रुपयांत, काही मिनिटांत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दोष सापडतो आणि दूर होतो. त्याच टायराचा पट्टा झिजला तर, विशेषतः मालमोटारीच्या बाबतीत, नवा पट्टा चढवून देणारा रिमोल्डवाला गावागावांत आहे. आणि टायर एका कंपनीचा, रिम दुसरीची, दुरुस्ती तिसऱ्याची, अशी मुक्त वहिवाट या धंद्यात आहे. बिनहवेच्या चाकात टायर आणि रिम एकत्रच घडवलेले असतात. एक आरा तुटला तर तो बदलणारा कारागीर रस्त्यावर भेटणार नाही. संपूर्ण चाक बदलावे लागेल, ते कंपनी देईल तेव्हा आणि तिने ठरवलेल्या दराने. पंक्चर काढणाऱ्याचा पेशा वाचावा म्हणून जगाने जुन्या दोषाला कवटाळून बसावे असे माझे म्हणणे नाही, कारण कोणाची भाकर चालावी म्हणून दुसऱ्याची गाडी अडावी ही मागणी न्यायाची ठरणार नाही. माझा आक्षेप असा की लाखो कारागिरांत विभागलेले दुरुस्तीचे ज्ञान एका कारखान्याच्या इजाऱ्यात जाते, आणि गिऱ्हाईक आपल्याच गाडीच्या चाकाबाबत परावलंबी होते.

पर्यावरणाचा जमाखर्चही दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. अकाली मोडीत निघणारे टायर वाचतील, ही जमेची बाजू खरी. परंतु रस्त्यावर झिजून हवेत आणि नाल्यांत जाणारे रबराचे कण बिनहवेच्या चाकातूनही तसेच जाणार, कारण झीज बाहेरच्या पट्ट्याची होते आणि तो पट्टा रबराचाच आहे. टायराच्या रबरात घातल्या जाणाऱ्या एका संरक्षक रसायनापासून तयार होणारे द्रव्य पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरून कोहो जातीच्या सॅमन माशांना मारते, हे २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी सिद्ध केले, त्या संकटावर आऱ्यांकडे काहीच उत्तर नाही. मोटारीच्या टायराच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असू नये हा आपला नियम त्या चाकालाही लागू राहील, आणि पट्टा संपल्यावर आरे शाबूत असूनही चाक फेकावे लागले, तर वाचवलेली रास दुसऱ्या दाराने परत येईल. तशात काचतंतू व राळ यांचे एकजीव झालेले मिश्रण पुन्हा वेगळे करणे फार कष्टाचे आहे. नवा पट्टा चढवण्याची सोय नसेल, तर पर्यावरणाच्या नावाने केलेला सारा युक्तिवाद निराधार ठरतो.

मग या चाकाचे खरे स्थान कोणते? १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेल्या गाडीची चाके जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या विणलेल्या जाळीची होती आणि त्यांवर टिटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या होत्या. निर्वात अवकाशात, उष्णतेच्या टोकाच्या चढउतारांत आणि वजनाचा ग्रॅमग्रॅम हिशेब ठेवावा लागणाऱ्या त्या प्रवासात रबर आणि हवा दोन्ही वगळण्याचा तो निर्णय सर्वस्वी योग्य होता. पृथ्वीवरही मोडतोडीच्या जागी, जिथे सळया आणि काचा पायापायाला आहेत, तिथे मंदगतीने फिरणाऱ्या लोडर यंत्रांना मिशेलिनची ट्वील चाके गेली कित्येक वर्षे लावली जात आहेत. सिंगापूरमध्ये २०२३ पासून डीएचएलच्या पार्सलवाहू गाड्यांवर अप्टिसची परीक्षा सुरू झाली; जपानमध्ये ब्रिजस्टोनने ताशी २० किलोमीटरहून कमी वेगाच्या सार्वजनिक वाहनांसाठी आपले चाक पुढे केले; अमेरिकेत गुडइयरने चालकाविना फिरणाऱ्या वाहनांवर प्रयोग केले. या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. वेग मर्यादित आहे, मार्ग ठरलेला आहे, भार बहुतांशी ठाऊक आहे, गाडी संध्याकाळी एका आगारात परतते, आणि चाकाकडे लक्ष देणारा चालक एक तर नाही किंवा त्याला थांबायला वेळ नाही. बिनहवेचे चाक तिथे शोभते, कारण तिथे ते कोणाच्याही हातातला ताबा हिरावून घेत नाही.

यावर असे म्हटले जाईल की यंत्राची प्रगती म्हणजेच माणसाच्या हातचे कष्ट कमी करणे. हँडल मारून मोटार सुरू करण्याचे दिवस गेले याचे कोणाला दुःख नाही, मग हवा तपासण्याचे दिवस गेल्याचे का असावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु टायराच्या इतिहासातील खऱ्या सुधारणा पाहा. १९४६ साली पेटंट झालेल्या रेडियल टायराने आयुष्य वाढवले आणि शक्तीचा अपव्यय घटवला. ट्यूबलेसने खिळा घुसल्यावर एकदम बसणारे चाक हळूहळू हवा सोडणारे केले आणि चालकाला दुकानापर्यंत पोहोचण्याची सवड दिली. दाबाची सूचना देणाऱ्या यंत्रणेने दोष डोळ्यांसमोर आणला. या तिन्ही सुधारणांनी कष्ट कमी केले, आणि तिन्हींनी दुरुस्तीचा अधिकार माणसाकडे ठेवला. शेवटच्या सुधारणेने तर त्याचे ज्ञान वाढवले. ज्ञान वाढवून कष्ट कमी करणे हा प्रगतीचा एक मार्ग आहे, आणि ज्ञानाची गरजच नाहीशी झाली असे भासवून कष्ट कमी करणे हा दुसरा. पहिल्या मार्गात सुधारणा फसली तरी माणूस सावध असतो; दुसऱ्या मार्गात ती फसते तेव्हा सावध राहण्याची सवयच मोडलेली असते.

सबब बिनहवेच्या चाकाला दार बंद करावे असा कौल मी देत नाही. दारातून आत येताना त्याने काही हमी लिहून द्याव्यात, एवढेच माझे मागणे आहे. त्याची परीक्षा आपल्या पावसाळ्यात, आपल्या चिखलात आणि आपल्याकडे प्रत्यक्षात लादल्या जाणाऱ्या ओझ्याखाली व्हावी, आणि तिचे निकाल सरकारने खुले करावेत. झिजलेला पट्टा बदलण्याची सोय कंपनीबाहेरच्या कारागिरालाही मिळावी. आऱ्यांना पडलेला तडा साध्या डोळ्यांना किंवा साध्या साधनाला कळेल अशी खूण चाकातच असावी. आयुष्य संपलेले चाक परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर असावी. आणि या अटी पुऱ्या होईपर्यंत जे आज, स्वस्तात आणि निश्चितपणे करता येते ते आपण करावे: महिन्यातून एकदा आणि प्रत्येक दूरच्या प्रवासापूर्वी थंड टायराची हवा मोजावी, उन्हाळ्यात ती मुद्दाम कमी करू नये, खाचा तपासाव्यात, आणि भार ठरल्या मर्यादेत ठेवावा. टायर फुटल्याने होणाऱ्या अपघातांचा मोठा भाग एवढ्याने टळेल. ज्या समाजाला ही चार साधी कामे जमत नाहीत त्याला आऱ्यांचे चाकही वाचवू शकणार नाही, आणि ज्याला ती जमतात त्याने आपल्या चाकावरचा ताबा केवळ सोयीपोटी गहाण टाकण्याचे काहीच कारण नाही.